ऑइल पंप बदलण्याआधी

गाडीचा ऑइलचा लाल दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य बहुधा एकच ऐकू येतं, "पंप गेलाय, बदलावा लागेल." कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा पंप धडधाकट असतो आणि दोष दुसरीकडे. तेल कमी झालेलं असतं, जाळी तुंबलेली असते, भलत्याच ग्रेडचं तेल भरलेलं असतं, एखादा स्वस्तातला स्विच बिघडलेला असतो किंवा पंपाच्या पुढची बेअरिंगच झिजलेली असतात. नवा पंप बसवून यातलं काहीही दुरुस्त होत नाही. म्हणून हा पंप काय करतो, कशाने बिघडतो आणि त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी काय तपासायचं, हे गाडी वापरणाऱ्याला ठाऊक असावं. इंजिन स्वतः खोलायचं नसलं, तरी मेकॅनिकला नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे.

तेलाचा प्रवास

इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं जे भांडं असतं, त्याला आपल्याकडे सगळे 'चेंबर' म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल लागतं, मोठ्या डिझेल गाडीत पाच ते सात लिटर. या तेलात एक नळी बुडालेली असते आणि तिच्या तोंडाशी जाळी असते. पंप या नळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि ब्लॉकमधल्या मुख्य वाहिनीत, म्हणजे ऑइल गॅलरीत सोडतो. तिथून ते क्रँकच्या मेन बेअरिंगांना मिळतं, क्रँकमध्येच पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगांना जातं आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्टपर्यंत चढतं. टायमिंग चेनचा टेन्शनर, हायड्रॉलिक टॅपेट आणि टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट, हे सगळे याच तेलावर जगतात. काम झालं की तेल खाली ओघळून चेंबरमध्ये येतं आणि पुन्हा ओढलं जातं. हायवेवर चालत्या गाडीत सगळंच्या सगळं तेल मिनिटाला कित्येक फेऱ्या मारतं.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याची फट असते. चालत्या इंजिनात धातू धातूला टेकत नाही. क्रँक मधल्या तेलाच्या थरावर फिरतो. तो थर तुटला की बेअरिंग घासतं, तापतं आणि शेवटी क्रँकला चिकटतं. 'इंजिन सीझ झालं' म्हणतात ते हेच. जोरात पळणाऱ्या गाडीत याला फार वेळ लागत नाही.

पंपाची रचना साधी आहे. जुन्या धाटणीत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत एका कड्याच्या आत, त्याच्याहून एक दात कमी असलेलं चाक फिरतं. फिरताना दोघांमधल्या पोकळ्या लहान-मोठ्या होत राहतात. मोठी होणारी पोकळी तेल ओढते, लहान होणारी पुढे ढकलते. मारुती ८००पासून कितीतरी गाड्यांत पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसलेला आहे. टायमिंगचा भाग उतरवल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, म्हणूनच पंपापेक्षा मजुरीचं बिल मोठं होतं. काही इंजिनांत पंप चेंबरमध्ये असतो आणि चेनने किंवा बेल्टने फिरतो. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी गरजेपुरतंच तेल ढकलणारा, संगणकाच्या हुकमाने कमी-जास्त होणारा पंप येतो.

दाब कुठून येतो?

पंप फक्त तेल वाहतं ठेवतो. दाब तयार होतो तो त्या तेलाच्या वाटेत अडथळा असतो म्हणून. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात उडते. अंगठा काढला की नळ तितकाच सोडलेला असूनही पाणी मलूल पडतं. इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंगमधली ती अरुंद फट करते. बेअरिंग झिजून फट रुंदावली की पंप कितीही नवा असला तरी दाब पडणारच.

उलट, थंड इंजिनात तेल घट्ट असल्यामुळे दाब नको इतका चढू शकतो. त्यासाठी पंपालगत रिलीफ व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगने दाबून धरलेला हा छोटा दट्ट्या बहुतेक गाड्यांत ४ ते ६ बारच्या आसपास सरकतो आणि जादा तेल परत सोडून देतो. कचऱ्यामुळे तो उघडा अडकला तर दाब कधीच पुरेसा चढत नाही. बंद अडकला तर फिल्टरचं रबर सील फुटून तेल बाहेर येऊ शकतं.

गरम इंजिनात दाब किती असावा, याचा आकडा प्रत्येक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. जुन्या मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. तो अंदाजापुरता ठीक आहे.

आता लाल दिव्याचं गणित बघा. बहुतेक गाड्यांतला प्रेशर स्विच ०.३ ते ०.५ बारला दिवा लावतो. म्हणजे दिवा पेटतो तोवर दाब जवळपास संपलेला असतो. पेट्रोल रिझर्व्हला आल्यावर जसा पिवळा दिवा आगाऊ सूचना देतो, तसा हा देत नाही. काही गाड्यांत ऑइलचं पिवळं चिन्हही असतं. ते बहुधा तेलाची पातळी कमी झाल्याचं सांगतं आणि तेवढी सवड देतं. लाल देत नाही.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर

गाडी सुरक्षितपणे रस्त्याच्या कडेला घ्या आणि थांबल्याबरोबर इंजिन बंद करा. चाकं फिरत असताना चावी बंद करू नका. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. द्रुतगती मार्गावर असाल तर हॅझर्ड लाइट लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांना कठड्याच्या बाजूला उतरवा.

'टोलनाका आलाच', 'पुढच्या ढाब्यावर बघू' या दोन विचारांनी जितकी इंजिनं बसली असतील, तितकी पंपाच्या दोषाने क्वचितच बसली असतील. त्या दोन-तीन किलोमीटरांत काही हजारांचं काम हाफ इंजिनवर, म्हणजे इंजिनचा खालचा भाग खोलून दुरुस्त करण्यावर, जातं.

दहा मिनिटं थांबून पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून बघा. गाडीखाली वाकून चेंबरमधून तेल टपकतंय का तेही पाहा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच ग्रेडचं तेल भरा आणि इंजिन सुरू करा. दिवा दोन-तीन सेकंदांत विझला आणि इंजिनमधून ठकठक येत नसेल, तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. तेल गेलं कुठे हे मात्र शोधावंच लागेल. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर पुन्हा स्टार्टर मारून बघायचं नाही. गाडी टोचन करून न्या. ऑटोमॅटिक असेल तर ओढत नेण्याऐवजी चारही चाकं वर घेणारा ट्रक मागवा.

दिवा कधी मिणमिणतो, त्यावरून अंदाज

घाटाच्या वळणावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर क्षणभर लागत असेल, तर पहिला संशय तेल कमी असल्याचा. खंबाटकी किंवा आंबोलीच्या वळणांवर चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो.

लांबच्या प्रवासानंतर, इंजिन चांगलं गरम असताना, सिग्नलवर मिणमिणतो आणि जरा रेस दिली की विझतो, असं असेल तर तेल पातळ झालंय, चुकीच्या ग्रेडचं आहे, किंवा पंप वा बेअरिंग झिजलंय. आयडलिंगला पंप सर्वात हळू फिरतो आणि गरम तेल सर्वात पातळ असतं, म्हणून दुखणं आधी तिथे दिसतं.

रेस वाढवल्यावर दाब पडत असेल आणि सावकाश चालवताना बरा राहत असेल, तर जाळी तुंबल्याची शक्यता मोठी. पंपाला जास्त तेल हवं असतं आणि जाळी ते येऊ देत नाही.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना दिवा उशिरा विझतो आणि वरून टकटक ऐकू येते, तर फिल्टरकडे बघा. चांगल्या फिल्टरमध्ये तेल उलटं वाहून जाऊ न देणारी रबरी झडप असते. हलक्या प्रतीच्या नकली फिल्टरमध्ये ती नसते किंवा महिनाभरात कडक होते.

आणखी एक साधी तपासणी रोज करता येते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, हा दिवा पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय. त्या गाडीत दाब शून्यावर आला तरी तुम्हाला कळणार नाही.

तपासणीचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

पहिल्यांदा पातळी आणि तेलाची अवस्था. डिझेल गाडीत काळं तेल ही तक्रार नव्हे, काजळीमुळे ते लवकर काळं होतंच. पण पट्टीवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढली असेल, तर इंधन तेलात उतरतंय.

दुसरं, मागच्या सर्व्हिसिंगचं बिल. कोणत्या ग्रेडचं तेल भरलं ते त्यावर असतं. नसेल तर पुढच्या वेळी लिहून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेज. प्रेशर स्विच काढून त्याच जागी काट्याचा मेकॅनिकल गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम करायचं, आयडलिंगला आणि अडीच-तीन हजार आरपीएमला दाब वाचायचा आणि मॅन्युअलशी ताडून बघायचा. अनेक गाड्यांत हे काम अर्ध्या तासाचं असतं. दाब बरोबर आला तर दोषी स्विच किंवा वायर, आणि काम तिथेच संपलं. पंप बदलायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा, "गेजवर किती आलं?" आकडा सांगता येत नसेल तर काम सुरू करू देऊ नका.

दाब खरोखरच कमी असेल तर फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघावा. त्यात चमकणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग झिजायला लागलीत. मग चेंबर उतरवून जाळी, आणि नळी जिथे पंपाला जोडलेली असते तिथली ओ-रिंग बघायची. ही ओ-रिंग कडक झाली की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. दाब पडण्याचं हे कारण दूर करायला स्वस्त आहे आणि पाहायचं राहून जाणाऱ्यांपैकी आहे. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्हचा दट्ट्या बोटाने मोकळा सरकतो का, ते. एवढं झाल्यावर पंपाची पाळी. झाकण काढून चाकांमधलं आणि बाजूचं अंतर फीलर गेजने मोजतात. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा ते जास्त निघालं किंवा आतल्या भिंतीवर खोल ओरखडे दिसले, तर पंप खरोखर गेला. पंपही ठीक निघाला तर उरतात बेअरिंग, आणि मग इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

पंपाला कोण मारतं?

पंप सदैव तेलात न्हालेला असतो, त्यामुळे आपणहून सहसा लवकर झिजत नाही. त्याला मारणाऱ्या गोष्टी बाहेरून येतात.

*उशिरा बदललेलं तेल.* मुदत उलटलेलं तेल घट्ट काळा गाळ सोडतं आणि तो जाळीवर बसतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या किंवा धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीला कंपन्या 'कठीण वापर' म्हणतात आणि पुस्तिकेत तिच्यासाठी लवकरची मुदत देतात. शहरातल्या बऱ्याच गाड्या याच वर्गात मोडतात. किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा तेल बदलायचंच.

*चेंबरला बसलेला मार.* उंच गतिरोधकावर किंवा शेताच्या वाटेवरच्या दगडावर चेंबर घासतो. तेल गळत नाही, म्हणून आपण विसरतो. पण जाळी चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटरच वर असते. पत्र्याला आत पोचा आला की तळ जाळीला जाऊन भिडतो आणि तेल आत शिरायची वाट अरुंद होते. आयडलिंगला काही जाणवत नाही, हायवेवर दाब पडतो. खालून मार बसला असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन चेंबर नीट बघून घ्या.

*सिलिकॉनची पेस्ट.* चेंबर बसवताना काही ठिकाणी गॅस्केटऐवजी पेस्ट लावतात. ती हात सैल सोडून थापली की आतल्या बाजूला वळ्या सुटतात, तुटतात आणि थेट जाळीत जातात. चेंबर बसवताना शेजारी उभं राहून पातळ, एकसारखी रेघच लावायला सांगा.

*जास्त भरलेलं तेल.* वरच्या खुणेच्या बरंच वर तेल गेलं की फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि पंप फेस ओढू लागतो. फेसाला दाब धरता येत नाही.

*जुन्या इंजिनात फ्लश.* वर्षानुवर्षं गाळ साचलेल्या इंजिनात फ्लशचं औषध ओतलं की गाळाचे मोठे तुकडे सुटतात आणि जाळीत अडकतात. अशा गाडीत चेंबर उतरवून हाताने साफसफाई करणं अधिक सुरक्षित.

*पुराचं पाणी.* पावसाळ्यात गाडी बोनेटपर्यंत बुडाली असेल तर पाणी उतरल्यावर चावी फिरवण्याचा मोह टाळा. तेलात पाणी शिरलं असेल तर पंप तेच मिश्रण बेअरिंगांना पाजेल. आधी तेल आणि फिल्टर बदला, मगच पुढचं.

*तेलात भिजणारा बेल्ट.* काही आधुनिक इंजिनांत टायमिंगचा किंवा पंप फिरवणारा बेल्ट तेलातच चालतो. फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्यूअरटेक ही त्यांतली गाजलेली उदाहरणं. बेल्टचं रबर झिजून सुटलं की भुगा जाळीत जातो. फोर्डच्या अमेरिकेतल्या गाड्यांत पंपाचा बेल्टच दगा देऊ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने तिथे फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पंपाच्या बेल्टचे दात गळून किंवा त्याचा टेन्शनर तुटून तेलाचा दाब जात होता. अमेरिकेत विकलेल्या त्या इकोस्पोर्ट चेन्नईच्या कारखान्यात तयार होत. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात इकोबूस्ट इंजिनची इकोस्पोर्ट दिसली, तर बेल्ट कधी बदलला आणि कोणतं तेल वापरलं याची बिलं पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

जाड तेलाचा मोह

५डब्ल्यू-३० या खुणेतला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती जाड राहतं ते. विदर्भातल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत जाड तेल बरं, असा समज आहे. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनचं तापमान बऱ्यापैकी ठरावीक ठेवतात आणि पुस्तिकेतले ग्रेड तो विचार करूनच दिलेले असतात. पातळ तेलासाठी घडवलेल्या इंजिनात जाड तेल घातलं तर गेजवर दाब चांगला दिसतो, पण सकाळी सुरू करताना कॅमशाफ्टपर्यंत तेल पोहोचायला उशीर होतो.

याच कारणाने जाड तेल हा जुनी गाडी विकणाऱ्याचा सोपा उपायही आहे. २०डब्ल्यू-५० भरलं की झिजलेल्या बेअरिंगची ठकठक काही काळ दबते आणि दिवा मिणमिणायचा थांबतो. म्हणून गाडी घेताना अर्धा तास चालवा, इंजिन पूर्ण गरम करा, मग आयडलिंगला दिवा बघा आणि कान द्या. चालवायला थंडच गाडी द्या, असा आग्रह धरा. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीची पहिल्या स्टार्टची टकटक तुम्हाला ऐकूच येत नाही.

पंप बदलायचाच झाला तर

पंप एकटा बदलू नका. चेंबर धुऊन, जाळी नवी किंवा पूर्ण स्वच्छ करून, ओ-रिंग, सील, फिल्टर आणि तेल नवं घाला. टायमिंगचा भाग उतरवायचाच असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदला. तीच मजुरी पुन्हा पडत नाही. बसवण्याआधी पंपात तेल भरून चाकं हाताने फिरवायला सांगा. कोरडा पंप सुरुवातीला हवाच ढवळत बसतो आणि तोवर बेअरिंग उपाशी. सुरू केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस द्यायची नाही. शेवटी गेज लावून गरम इंजिनचा दाब पुन्हा मोजून घ्या आणि तो आकडा बिलावर लिहून मागा. फिल्टरमध्ये आधीच धातूचे कण सापडले असतील, तर नुसत्या नव्या पंपावर पैसे घालवू नका. बेअरिंग बघितल्याशिवाय ते काम अर्धवट आहे.

आठवड्याची दोन मिनिटं

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी ओढा, कापडाने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून वाचा. पहिल्या वेळी तेल पट्टीवर वरपर्यंत लागलेलं असतं, ते वाचन खोटं. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं, शक्यतो वरच्या खुणेजवळ. अनेक गाड्यांत या दोन खुणांत सुमारे एक लिटरचा फरक असतो, म्हणून एकदम बाटली ओतू नका. पाव लिटर घाला, थांबा, पुन्हा वाचा. सकाळी गाडी जिथे उभी होती तिथल्या फरशीवर डाग आहे का, तेवढंही बघा.

लांबच्या प्रवासाला निघताना गाडीच्याच ग्रेडची एक लिटरची बंद बाटली डिकीत ठेवा. खरेदी अधिकृत दुकानातून करा आणि सील तपासा, कारण नकली तेल आणि नकली फिल्टर दोन्ही बाजारात सर्रास मिळतात. आणि घरात जे जे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना आजच एक गोष्ट सांगून ठेवा : ऑइलचा लाल दिवा लागला की कितीही उशीर होत असला तरी गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मगच फोन लावायचा.